नवे तणावे, सरळ डोलकाठी आणि पान्हा कुणाच्या हातात?



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या मिरची-हळदीच्या गिरणीचा पट्टा तुटला. नवा पट्टा आणला, चढवला, बटण दाबलं. गिरणी सुरू झाली, पण पट्टा एका बाजूला सरकायचा आणि दर दहा मिनिटांनी उतरायचा. दोन दिवस हळद तशीच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं मोटरच्या बुडाचे चार नट सैल केले, मोटर दोन बोटं मागे सरकवली, दोन्ही चाकांवर सुतळी धरून रेघ जुळते का पाहिलं आणि नट आवळले. पंधरा मिनिटांचं काम, पण पैसे दिवसाच्या मजुरीचे घेतले. पट्टा नवा होता, मोटर चांगली होती, तरी गिरणी चालत नव्हती. एक वस्तू बदलली की तिच्या शेजारच्या सगळ्या वस्तूंची जागा पुन्हा जुळवावी लागते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं.

आजची गोष्ट हीच आहे, फक्त ती समुद्रावर घडते. हिंगोलीपासून समुद्र पाचशे किलोमीटरहून जास्त रस्त्यावर आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींनी तो पाहिलेलाही नाही. आपलं मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं, येलदरीचं, इसापूरचं धरण. मग शिडाच्या बोटीची गोष्ट आपल्याला कशाला? ते शेवटपर्यंत ऐकलं की कळेल.

आधी बोट समजून घेऊ. जत्रेत मोठा तंबू उभा राहताना तुम्ही पाहिला असेल. मधे उंच खांब असतो आणि चारी बाजूंनी दोर ओढून खुंट्यांना बांधलेले असतात. त्या दोरांना तणावे म्हणतात. खांब तणाव्यांच्या जोरावरच उभा असतो. एक तणावा जास्त ओढला की खांब तिकडे झुकतो आणि समोरचा ढिला पडतो. शिडाच्या बोटीचंही असंच आहे. मधला खांब म्हणजे डोलकाठी. तिला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी तणावे असतात, आजच्या बोटींवर ते पोलादी तारेचे असतात. डोलकाठीच्या खालच्या भागातून मागच्या दिशेनं एक आडवी काठी निघते, तिला दर्यावर्दी बूम म्हणतात. शिडाची खालची कड या बूमला धरलेली असते. तंबू जमिनीवर असतो आणि बोट हलत्या पाण्यावर, एवढाच काय तो फरक. पण तो फार मोठा आहे.

आपल्या कोकण किनाऱ्यावर शिडाची जहाजं शेकडो वर्षं चालली. मचवा, फत्तेमारी, गलबत, गुराब ही त्यांची नावं. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबतं होती. मचवा आणि फत्तेमारी यांची डोलकाठी सरळ उभी नसून पुढे झुकलेली असे. तिच्यावर एक लांब तिरकी काठी चढवून तिला शीड लावत. दोर काथ्याचे. वारा ज्या बाजूनं येई त्या बाजूचे दोर ताणून बांधायचे आणि बोट वळली की ते सोडून दुसऱ्या बाजूला बांधायचे. म्हणजे तणावे जुळवण्याचं काम वर्षाकाठी एकदा नव्हे, बोट वळेल तितक्या वेळा करावं लागे. हे ज्ञान कागदावर नव्हतं. ते तांडेलाच्या डोळ्यात आणि खलाशांच्या हातात होतं. बाप ओढायचा, पोरगा बघायचा. कोकणातल्या बायका मासळी विकत, सुकवत, संसार चालवत. पण डोलकाठीचा दोर बापाकडून मुलाकडे जाई, मुलीकडे जात नसे.

आता १९६० नंतरच्या मुंबईत येऊ. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज खलाशी तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरीला होता. त्यानं मुंबईत सागवानी लाकडाची एक बोट बांधून घेतली. मुंबईच्या सुतारांनी ती हातानं घडवली. लांबी ३२ फूट, डोलकाठ्या दोन, नाव 'सुहेली'. हीच बोट घेऊन तो १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटाच निघाला आणि कुठंही न थांबता पृथ्वीला फेरी मारून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथंच परतला. ३१२ दिवस. एकट्यानं, न थांबता जगाची फेरी मारणारा तो पहिला माणूस. बोट मात्र मुंबईच्या सुतारांची.

या सफरीतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. एकटा माणूस चोवीस तास सुकाणू धरून बसू शकत नाही. म्हणून सुहेलीवर वाऱ्याच्या जोरावर सुकाणू सांभाळणारं एक यंत्र बसवलं होतं. ते अर्ध्या वाटेत मोडलं. पुढची हजारो मैल त्यानं सुकाणू दोरानं बांधून ठेवलं आणि पुढची-मागची शिडं कमी-जास्त करून बोटीचा तोल असा साधला, की ती आपली आपण सरळ जात राहिली. तोल बसला की बोटीला धरावं लागत नाही.

हा तोल काय असतो? पत्र्याचा लांब तुकडा डोक्यावर आडवा धरून कधी वाऱ्यात चालला आहात का? वारा पत्र्याच्या मागच्या टोकावर जास्त लागला तर पुढचं टोक वाऱ्याकडे वळतं आणि आपल्यालाही फिरवतं. पुढच्या टोकावर जास्त लागला तर पुढचं टोक वाऱ्यापासून दूर जातं. शिडाचंही तेच आहे. डोलकाठी मागे झुकली की शिडाचा जोर मागे जातो आणि बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते. पुढे झुकली की बोट वाऱ्यापासून पळते. दोन्हींत सुकाणूवरच्या माणसाचे हात भरून येतात. जुनी माणसं बैलगाडीत पोती रचताना एखादं पोतं वीतभर पुढे-मागे करायची, ते याच हिशोबानं. ओझं तेवढंच, पण जागा चुकली तर एक तर बैलांच्या मानेवर येतं, नाही तर गाडी मागे उलाळ होते.

आता तणावे बदलण्याकडे वळू. पोलादी तारा खाऱ्या वाऱ्यानं आतून झिजतात. वरून चकचकीत दिसतात आणि आत एकेक तंतू तुटत जातो. म्हणून काही वर्षांनी त्या बदलाव्या लागतात. खरं कौशल्य नव्या तारा बसवल्यानंतर लागतं.

जाणकार माणूस जुनी तार काढण्याआधी मोजून ठेवतो. तारेची लांबी, स्क्रूचे किती आटे बाहेर दिसतात, डोलकाठी किती मागे कलली आहे, सगळं वहीत. तारेच्या खालच्या टोकाला जो स्क्रू असतो तो ट्रॅक्टरच्या टॉप लिंकसारखा असतो. फिरवला की लांब होतो, उलटा फिरवला की आखूड. नव्या तारा आधी हातानं जेमतेम आवळतात. मग डावी-उजवी बाजू बघतात. डोलकाठीच्या शेंड्यावरून मोजपट्टी खाली सोडून बोटीच्या दोन्ही कडांपर्यंतचं अंतर मोजतात. दोन्ही सारखं आलं, की काठी मधोमध आहे.

त्यानंतर पुढे-मागे किती झुकली आहे ते बघतात. इथं लागतो तो गवंड्याचा ओळंबा. शेंड्यावरून दोरीला वजन बांधून सोडायचं आणि ते काठीच्या बुडापासून किती मागे थांबतं ते मोजायचं. बोट शांत पाण्यात आणि समतल हवी, नाही तर ओळंबा खोटं बोलतो. बहुतेक बोटींची काठी थोडी मागे झुकलेली ठेवतात.

आणि इथंच बूमचा प्रश्न येतो. समजा बूम ६ मीटर लांब आहे. डोलकाठी फक्त १ अंश जास्त मागे कलली तर बूमचं मागचं टोक सुमारे १० सेंटिमीटर खाली येतं. दहा सेंटिमीटर म्हणजे आपल्या तळहाताची रुंदी. पण वारा बदलला की ही बूम एका बाजूकडून दुसरीकडे सपकन फिरते. काल जी डोक्यावरून जात होती, ती आज कपाळावर बसू शकते. बूमच्या माराने जीव गेल्याच्या घटना झाल्या आहेत. म्हणून काठीचा कल ठरला की बूमची उंची पुन्हा बघावी लागते. काठीशी ती जिथं जोडलेली असते तो सांधा आणि तिचं मागचं टोक वरून धरणारा दोर, दोन्ही जुळवावे लागतात. शीड नीट ताणलं जातं का, खाली उभ्या माणसाच्या डोक्यावरून बूम मोकळी फिरते का, हे उभं राहून तपासायचं.

तारा किती आवळायच्या? ढिल्या राहिल्या तर काठी झटके खाते आणि एखाद्या लाटेत तुटते. फार आवळल्या तर सगळा दाब काठीतून खाली उतरतो आणि ती बोटीच्या बुडाला मुसळासारखी रेटते. म्हणून दोन्ही बाजूंचे स्क्रू मोजून सारखे फिरवायचे. शेवटी वाऱ्यात बोट एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर चालवायची. काठीच्या बुडाशी उभं राहून, एक डोळा मिटून वर बघायचं. काठी सरळ दिसते का? वाऱ्याच्या पलीकडच्या तारा लोंबत तर नाहीत? पुन्हा स्क्रू, पुन्हा फेरी. नवी तार सुरुवातीला थोडी बसते, म्हणून काही दिवसांनी पुन्हा आवळायची. आणि स्क्रू आपोआप उलटा फिरू नये म्हणून त्यात खीळ घालायची. ही एक खीळ विसरली तर बाकीची मेहनत वाया.

तुम्ही म्हणाल, एवढी कटकट कशाला? त्याचं उत्तर २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मिळतं. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी तेव्हा 'थुरिया' नावाच्या बोटीतून एकट्यानं जगाच्या शर्यतीत निघाले होते. थुरिया ही मुंबईच्या सुहेलीच्याच बेतावर गोव्यात बांधलेली बोट. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळानं तिला उलथवलं आणि डोलकाठी मोडली. टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. जवळात जवळचा खंड हजारो किलोमीटर दूर. ते तीन दिवस बोटीत पडून होते. २४ सप्टेंबरला एका फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं. त्याच शर्यतीत डिसेंबरमध्ये सुझी गुडॉल या ब्रिटिश तरुणीची बोटही प्रशांत महासागरात उलथली, तिची डोलकाठी गेली आणि एका मालवाहू जहाजानं तिला उचललं. तिथली लाट अशी असते की चांगली जुळवलेली काठीही मोडते. मग वाईट जुळवलेलीची काय कथा! पण हेही सांगायला हवं, की कण्यात धातूच्या सळया घेऊन टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. पहिली आली ती एक बाई, दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. जगाला फेरी मारण्याची अशी एकट्याची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री.

आता आपल्या मराठी धाग्याकडे. गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचं बेट आहे. तिथं रत्नाकर दांडेकर यांचा बोटी बांधण्याचा कारखाना आहे. २००९ मध्ये त्यांनी नौदलासाठी 'म्हादेई' ही शिडाची बोट बांधून दिली. नौदलाचे दिलीप दोंदे हे बोट बांधली जात असताना तिथं राहून कामात होते. एकट्यानं जायचं, तर बोटीचा खिळा न् खिळा आपल्या ओळखीचा हवा, हा त्यामागचा विचार. त्याआधी ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन शिकून आले होते. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी मुंबईला परतले. एकट्यानं शिडाच्या बोटीतून जगाची फेरी मारणारे ते पहिले भारतीय. पुढे त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमींनी २०१२-१३ मध्ये न थांबता फेरी पूर्ण केली.

त्यानंतर दोंदे शिकवायला लागले, आणि या वेळी शिकणाऱ्या बाया होत्या. भारतीय नौदलात डॉक्टरी सोडून इतर शाखांत बाया अधिकारी म्हणून यायला १९९२ उजाडलं होतं. पण पृथ्वीला फेरी मारणारी बोट फक्त बायांच्या हाती देणं ही अगदी नवी गोष्ट होती. सहा जणी निवडल्या गेल्या. वर्तिका जोशी आणि पायल गुप्ता उत्तराखंडच्या. प्रतिभा जामवाल हिमाचलमधल्या कुल्लूच्या. विजया देवी मणिपूरच्या. ऐश्वर्या हैदराबादच्या. पी. स्वाती विशाखापट्टणमच्या. म्हणजे सहा जणींपैकी एकीच्याच गावाला समुद्र! बाकी पाच जणी आपल्यासारख्याच, डोंगरातल्या नाही तर पठारावरच्या.

त्या आधी म्हादेईवर शिकल्या. २०१६ मध्ये ती घेऊन मॉरिशसला जाऊन आल्या. नुसती शिडं चढवणं-उतरवणं नव्हे, तर इंजिन, वीज, सुकाणू, दोर, तारा, शिवणकाम, सगळं शिकल्या. शीड फाटलं तर ते शिवायचंही त्यांनीच. फेब्रुवारी २०१७ मध्ये दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेली 'तारिणी' नौदलात आली. नाव ओडिशातल्या तारा-तारिणी देवीचं. लांबी सुमारे १७ मीटर आणि डोलकाठी सुमारे २५ मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढी उंच. त्या शेंड्याला काही बिघडलं तर कुणीतरी वर चढायला लागतं, आणि बोटीवर तर सहा बायाच.

१० सप्टेंबर २०१७ रोजी तारिणी गोव्याहून निघाली. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली, दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन ही थांब्याची बंदरं. जानेवारी २०१८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न त्यांनी ओलांडलं. जगभरचे खलाशी या जागेचं नाव घेताना गंभीर होतात. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा न ठरवलेला मुक्काम करून मॉरिशसला बोट दुरुस्त करावी लागली. २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यात परतल्या. २५४ दिवस आणि २१,६०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ४० हजार किलोमीटर.

गोष्ट इथं थांबली नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी तीच तारिणी पुन्हा गोव्याहून निघाली. या वेळी बोटीवर दोघीच होत्या, केरळच्या दिलना के. आणि पुदुच्चेरीच्या रूपा अलगिरीसामी. त्या पॉइंट निमोजवळून गेल्या. जगातल्या कुठल्याही जमिनीपासून सर्वांत लांब अशी ही समुद्रातली जागा. चारी दिशांना अडीच हजार किलोमीटरहून जास्त नुसतं पाणी. तिथं मिस्त्रीला फोन लावता येत नाही. एक जण झोपली तर दुसरी जागी. तार ढिली झाली तर पान्हा घेऊन जाणारी तीच, आणि वर बघून काठी सरळ आहे की नाही ठरवणारीही तीच. २९ मे २०२५ रोजी त्या गोव्यात परतल्या.

आता हा धागा बघा. मुंबईच्या सुतारांनी सुहेली घडवली. सुहेलीवर एक माणूस तोल शिकला. त्याच्याकडून दोंदे शिकले. दोंदेंनी सहा जणींना शिकवलं. तारिणीवर त्या सहा जणींच्या मागून आणखी दोघी गेल्या. जे ज्ञान शेकडो वर्षं बापाकडून पोराकडे जात होतं, ते आता बाईच्या हातात आलं. त्यासाठी तिला कुणी वेगळी ताकद दिली नाही. दोर कसा ओढायचा, ओळंबा कसा धरायचा आणि स्क्रू किती फिरवायचा, एवढं तिच्यासमोर उघड करून दाखवलं आणि चुकायला वेळ दिला.

आपल्या गटांकडे आज गिरण्या आहेत, शेवया आणि पापडाची यंत्रं आहेत, शिलाई मशीन आहेत. कागदावर मालकी आपली आहे. पण पट्टा उतरला की आपण दारात उभ्या राहून मिस्त्रीची वाट बघतो. मिस्त्री वाईट नसतो. पण त्याच्या हाताकडे आपण बघत नाही, तोवर यंत्र अर्धं त्याचंच राहतं.

आमच्या गटानं त्या दिवसानंतर एक पान्ह्यांचा संच घेतला आणि एक वही केली. यंत्राचा कुठलाही भाग काढण्याआधी त्याची जागा मोजून वहीत लिहायची आणि मोटरच्या बुडाला खडूनं खूण करायची. दुसऱ्यांदा पट्टा बदलला तेव्हा तो आमच्यातल्या दोघींनी बदलला. तासभर लागला, आणि मोटर दोनदा सरकवावी लागली. सुतळी धरायला एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं माय, डाव्या हाताला अजून जरा." आणि त्यांचंच बरोबर निघालं. नजर त्यांच्याकडे आधीपासून होती, फक्त त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाच्या यंत्राभोवती सगळ्या जणी उभ्या राहा आणि विचारा, याचा पट्टा बदलला तर पुढे काय काय जुळवावं लागेल? ज्या जणीला ठाऊक असेल तिनं सांगावं. कुणालाच ठाऊक नसेल तर पुढच्या वेळी मिस्त्री येईल तेव्हा दोघींनी त्याच्या शेजारी बसावं, वही आणि खडू घेऊन.